जिथे समुद्राचा तळ पायाखाली येतो

अटलांटिक महासागराच्या मधोमध, पाण्याखाली, सुमारे 16 हजार किलोमीटर लांबीची एक डोंगररांग आहे. लांबीने सह्याद्रीच्या दसपट. या रांगेच्या माथ्यावरून एक चीर गेली आहे. चिरेच्या पश्चिमेचा तळ अमेरिकेच्या दिशेने सरकतो, पूर्वेचा युरोप-आफ्रिकेच्या दिशेने, आणि मधे पडणाऱ्या फटीत खालून शिलारस येऊन नवा तळ तयार होतो. पृथ्वीवरचा जवळपास सगळा समुद्रतळ अशाच चिरांमध्ये जन्मला आहे. हा जन्म डोळ्यांनी पाहणं मात्र अवघड, कारण तो होतो दोन-अडीच किलोमीटर पाण्याखाली, मिट्ट काळोखात. अटलांटिकच्या या रांगेत एकच जागा अशी आहे, जिथे हा सगळा कारखाना पाण्यावर आलेला आहे आणि माणूस त्याच्या कडेकडेने चालू शकतो. ती जागा म्हणजे आइसलँड.

राजधानी रेक्याविकपासून तासाभराच्या अंतरावर थिंगवेल्लिर नावाची दरी आहे. इसवी सन 930 मध्ये आइसलँडच्या लोकांनी आपली लोकसभा, अल्थिंग, इथेच भरवायला सुरुवात केली आणि 1798 पर्यंत ती इथेच भरत राहिली. पाठीशी काळ्या लाव्हाचा उभा कडा, समोर सपाट माळ; कड्याखाली उभं राहून बोललेलं दूरवर ऐकू जाई. तो कडा म्हणजे खचलेल्या जमिनीची कड आहे. गेल्या 10 हजार वर्षांत ही दरी सुमारे 70 मीटर रुंदावली आणि 40 मीटर खाली बसली. दोन भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमेवर बसून लोक जमिनींचे तंटे सोडवत होते आणि तीच जमीन त्यांच्याखाली विलग होत होती.

इथल्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत नितळ थंडगार पाणी साचलेलं आहे. पाणबुड्यांना तिथे सांगितलं जातं, की दोन्ही हात पसरा, एक अमेरिकेला लागेल, दुसरा युरोपला. ऐकायला छान, पण वस्तुस्थिती याहून मोठी आहे. भूपट्टांची सीमा म्हणजे एखादी रेघ नव्हे. थिंगवेल्लिरची दरीच काही किलोमीटर रुंद आहे. शिवाय दक्षिण आइसलँडमध्ये ही सीमा दुभंगून दोन पट्ट्यांत विभागली आहे, आणि मधे एक छोटा तुकडा दोन्हीकडून सुटा होऊन राहिला आहे. पट्ट दरवर्षी एकमेकांपासून साधारण दोन सेंटीमीटर दूर जातात, पण तो हिशेब या सगळ्या पसाऱ्याचा मिळून. थिंगवेल्लिरच्या वाट्याला त्यातला लहान भाग येतो.

मग हा शिलारस येतो कुठून? पुष्कळांना वाटतं, की जमिनीखाली वितळलेल्या दगडाचा समुद्र आहे आणि भेग पडली की तो वर उसळतो. तसं नाही. कवचाखालचा खडकाचा थर, म्हणजे प्रावरण, घन आहे. तिथलं तापमान 1300 अंशांच्या आसपास असूनही तो दगड वितळत नाही, कारण वरच्या खडकांचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. लेहला पाणी 100 ऐवजी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, ते हवेचा दाब कमी म्हणून; प्रावरणातल्या दगडाचंही तसंच आहे. पट्ट दूर जाऊ लागले, की मधली जागा भरायला खालचा घन पण गरम खडक अत्यंत सावकाश वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो आणि त्यातला थोडा अंश वितळतो. कुणी जाळ वाढवलेला नाही, उष्णता नव्याने दिलेली नाही. फक्त ओझं हलकं झालं आणि दगडाचं पाणी झालं. समुद्रतळ तयार होण्यामागचं इतकं साधं कारण मला आजही थक्क करतं.

दोन सेंटीमीटर हा आकडा मात्र फसवा आहे. तो सरासरीचा आहे, आणि जमीन सरासरीने चालत नाही. शतकानुशतकं कवच ताणलं जातं, वर काहीच दिसत नाही. मेंढ्या चरतात, घरं उभी राहतात. मग एकदा ताण असह्य होतो आणि साठलेली सगळी उधारी काही दिवसांत, कधी काही तासांत चुकती होते.

उत्तर आइसलँडमधल्या क्राफ्ला ज्वालामुखीपाशी हे शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत घडलं. त्याआधी तिथे मोठी उलथापालथ झाली होती 1724 ते 1729 या काळात. नंतर अडीचशे वर्षांचा निवांतपणा, आणि 1975 च्या डिसेंबरात जमीन पुन्हा जागी झाली. पुढच्या नऊ वर्षांत शिलारस वीसेक वेळा भेगांमध्ये घुसला, पण लाव्हा बाहेर पडला तो नऊच वेळा. बाकीच्या खेपांना तो जमिनीखालीच धावला, थिजला आणि भेग कायमची रुंद करून गेला. या काळात जमीन काही ठिकाणी आठ मीटरच्या आसपास फाकली. दर वर्षाच्या दोन सेंटीमीटरांनी हेच अंतर कापायला चारशे वर्षं लागली असती. 1977 च्या सप्टेंबरात तर एक विलक्षण प्रकार घडला. भूगर्भातल्या वाफेसाठी खणलेल्या एका विंधन विहिरीतून शिलारस वर आला आणि लालबुंद ठिणग्यांच्या रूपात नळीतून बाहेर उडाला. माणसाने पाडलेल्या भोकातून झालेला इवलासा ज्वालामुखीचा उद्रेक!

याच गोष्टीचं ताजं रूप म्हणजे ग्रिंडाविक. नैर्ऋत्येच्या रेक्यानेस द्वीपकल्पावरचं हे मासेमारीचं गाव. हे द्वीपकल्प जवळजवळ आठशे वर्षं शांत होतं. 2021 च्या मार्चमध्ये फाग्रादाल्सफ्याल इथे लाव्हा वर आला आणि ती शांतता संपली. 10 नोव्हेंबर 2023 च्या दुपारी ग्रिंडाविकमध्ये भूकंपांची अशी रीघ लागली की धक्के मोजणं अशक्य झालं. शिलारस गावाखालून सरकत होता. लांबी सुमारे 15 किलोमीटर, जाडी जेमतेम काही मीटर, अशी ती उभी चीर काही तासांत भरली. भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रेस्टाइन सिग्मुंडसन आणि सहकाऱ्यांनी नंतर मांडलेल्या हिशेबानुसार ऐन भरात सेकंदाला 7400 घनमीटर शिलारस वाहत होता. एवढं पाणी वाहणाऱ्या नदीला आपण महापूर आला म्हणू. इथे वाहत होता दगड, आणि वर जमिनीवर होते फक्त धक्के. त्या रात्रीच गाव रिकामं करण्यात आलं. रस्ते उसवले, घरांच्या मधोमध खाचा पडल्या, गावाचा एक पट्टा एक मीटरहून जास्त खाली बसला. लाव्हा बाहेर आला तो महिन्याभराने, 18 डिसेंबरला. 14 जानेवारी 2024 ला गावाच्या वेशीवर नवी भेग उघडली आणि काही घरं लाव्हाखाली गेली. थिंगवेल्लिरची दरी कशी घडली असेल, याचं याहून थेट उत्तर मिळणं कठीण आहे. पण ज्यांना घरं सोडावी लागली, त्यांच्यासाठी ही किंमत फार मोठी होती, हेही विसरू नये.

चीर तर सगळ्या अटलांटिकभर आहे, मग आइसलँडच पाण्यावर का? त्याच्याखाली प्रावरणातून वर येणारा आणखी गरम खडकाचा स्तंभ आहे, ज्याला प्लूम म्हणतात. जास्त गरम खडक जास्त प्रमाणात वितळतो, म्हणून इथे कवचही जास्त जाड बनतं. एरवी समुद्रतळाचं कवच सहा-सात किलोमीटरचं. आइसलँडखाली ते 20 ते 40 किलोमीटरपर्यंत जातं.

मला सर्वांत जास्त मोह आहे तो पूर्वेच्या फ्योर्डांचा, समुद्र आत शिरलेल्या खोल दऱ्यांचा. तिथे आज एकही ज्वालामुखी जागा नाही. हिमनद्यांनी जुन्या लाव्हाच्या थरांमधून खोल दऱ्या कोरल्या आहेत, आणि त्यामुळे कारखान्याचा आतला भाग उघडा पडला आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉर्ज वॉकर यांनी 1950 च्या दशकापासून हे डोंगर पायी हिंडून, थर मोजत, नकाशावर उतरवले. त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. डोंगरमाथ्याजवळचे थर जवळपास आडवे, पण खाली समुद्रपातळीकडे यावं तसे ते जास्त कललेले, सात-आठ अंशांपर्यंत. आणि कल नेहमी बेटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे आजच्या ज्वालामुखी पट्ट्याकडे. शिवाय त्या थरांना उभ्या छेदून जाणाऱ्या दगडी भिंती, ज्यांना डाइक म्हणतात, माथ्याजवळ थोड्या आणि तळाशी दाट.

नीट पाहिलं तर यात सगळी गोष्ट लिहिलेली आहे. प्रत्येक डाइक म्हणजे एकेकाळचं ग्रिंडाविक, शिलारस भरून थिजलेली एक रात्र. जो लाव्हा चिरेजवळ आधी पडला, त्याच्यावर नंतरच्या लाव्हांचं ओझं चढत गेलं, तो चिरेच्या बाजूला खाली दबत गेला आणि दबतानाच बाजूला सरकत गेला. म्हणून जुना थर जास्त कललेला. वॉकर आणि आइसलँडचे गुन्नार बोडवारसन यांनी 1964 मध्ये यावरून मांडलं, की आइसलँड मधून रुंदावतं आहे. भूपट्टांचा सिद्धांत तेव्हा अजून आकाराला यायचा होता.

याच पूर्व किनाऱ्यावर हेल्गुस्तादिर इथे कॅल्साइटचे पारदर्शक स्फटिक मिळत. छापील अक्षरावर असा स्फटिक ठेवला की अक्षर दोनदा दिसतं. कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिन यांनी 1669 मध्ये ते प्रथम लिहून ठेवलं. 1828 मध्ये विल्यम निकोल यांनी या स्फटिकापासून लोलक बनवला, आणि पुढे तोच लोलक सूक्ष्मदर्शकात बसवून भूवैज्ञानिकांनी जगभरचे खडक, लाव्हा थिजून बनलेला बेसाल्टसुद्धा, आतून वाचले.

तो बेसाल्ट आपल्या ओळखीचा आहे. लेणी ज्यात कोरली, गड ज्यावर बांधले, तोच हा काळा कातळ. दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्यामागचा प्लूम वेगळा. आज त्याच्यावर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे. पण लांबच लांब भेगांमधून लाव्हा कसा येत असेल, याची कल्पना करायला आपल्याला आइसलँडकडेच जावं लागतं. 1783 च्या जूनमध्ये लाकी इथे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिन्यांत जवळपास 15 घनकिलोमीटर लाव्हा बाहेर पडला. विषारी वायूंनी गवत नासलं, गुरं मेली, मागोमाग दुष्काळ आला आणि देशाची सुमारे पंचमांश लोकसंख्या गेली. दख्खनमधल्या मोठ्या उद्रेकांत एकेका खेपेला याच्या कितीतरी पट, हजारभर घनकिलोमीटर लाव्हा आला असावा.

वॉकर यांनी फ्योर्डांमध्ये पाहिलेला कल आपल्याकडेही आहे. घाटमाथ्यावर जे थर जवळपास आडवे दिसतात, तेच पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत, आणि किनाऱ्याला समांतर अशा डाइक कोकणभर विखुरलेल्या आहेत. कारण दख्खनचे उद्रेक झाल्यावर थोड्याच काळात, सुमारे 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी, भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून फाटले. सेशेल्सच्या सिलुएट बेटावर त्याच सुमाराचे ज्वालामुखी खडक आजही आहेत. ती फाटणारी चीर म्हणजे अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग, आणि ती अजून जिवंत आहे. 1962 मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने या रांगेवरून फिरून तळाच्या चुंबकत्वाची मोजणी केली. नवा तळ थिजताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात पट्ट्यापट्ट्यांनी साठवून घेतो, हे फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्या मोजणीतून ओळखलं आणि 1963 मध्ये जगापुढे ठेवलं. तीन वर्षांनी आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रात, रेक्यानेस रांगेच्या दोन्ही अंगांना, हेच चुंबकीय पट्टे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे सापडले.