बरणीतल्या गोगलगायीचा आहार

पावसाला जोर चढला की मुलं कुंडीखालची गोगलगाय उचलून आणतात आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवतात. सोबत कोथिंबिरीची एक काडी. दोन दिवसांत काडी सडते, गोगलगाय शंखात शिरते आणि घरचे म्हणतात, ‘मेली वाटतं.’ बहुतेकदा ती मेलेली नसते. हवा कोरडी झाली की ती शंखाचं तोंड पातळ पडद्यानं बंद करून घेते. बरणीत थोडं पाणी शिंपडलं की पुन्हा बाहेर येते.

खायला काकडी, दुधी, कोबी, गाजर यातलं काहीही चालतं. मात्र धुतलेलं आणि संध्याकाळी, कारण तिचा दिवस अंधारात सुरू होतो. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात, त्यामुळे ती खोबरं खवावं तशी भाजी खवते. गाजर दिल्यावर विष्ठा केशरी दिसते, मुलांना याची भारी गंमत वाटते!

खरी अडचण कॅल्शियमची. शंख जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. ते कमी पडलं तर शंख ठिसूळ होतो आणि भुकेल्या गोगलगायी एकमेकींचे शंखही खरवडतात. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, कुटून ठेवावीत किंवा समुद्रफेसाचा तुकडा द्यावा. पालक रोज नको. त्यातलं ऑक्सॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. मिठाचा कणही नको, म्हणजे ताटातली उरलेली भाजीसुद्धा नाही. मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतं.

पण बरणीत कोण आहे, हे आधी पाहायला हवं. तपकिरी पट्ट्यांचा, लांबट, टोकदार शंख असेल तर ती बहुधा आफ्रिकन गोगलगाय. 1847 मध्ये विल्यम बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली. उंदरांच्या विष्ठेतून तिच्या अंगात एका कृमीच्या अळ्या जातात. त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. त्यामुळे ही गोगलगाय पाळूच नये, उघड्या हातानं उचलूही नये. इतर कुठलीही हाताळली तरी हात साबणानं धुवावेत आणि बरणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये विसळू नये.

कंटाळा आला म्हणून आफ्रिकन गोगलगाय बागेत सोडणं सर्वांत वाईट. ती उभयलिंगी असते, एका खेपेला शंभरावर अंडी घालू शकते. बरणीच्या मातीत साबुदाण्यासारखे पिवळसर दाणे दिसले तर ते कचऱ्यात टाकण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवावेत.