गिटारचा डॉक्टर, रेडिओवाला!

खर्रर्र... खट्! सोलो ऐन रंगात आला की माझी इलेक्ट्रिक गिटार अशी खोकायची. व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर, केबल हलली की आवाज गुल. शहरातल्या एका दुकानात दाखवली, तर 'आतलं सगळं बदलावं लागेल' असं उत्तर मिळालं. आकडा ऐकून मी गार! फ्रीलान्सरचं महिन्याचं गणित काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या पगारातून घेतलेली गिटार विकायचं जवळपास ठरलंच.

मे महिन्यात तीच पाठीवर टाकून आजीकडे गेले. आजीचं गाव जानेफळ, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं. तिथे गिटारवाला कुठून येणार? पण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका लहानपणापासून माहीत होते. आता त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरंच जास्त. म्हटलं, विचारायला काय जातंय?

काकांनी मागचे स्क्रू काढले, आत डोकावले आणि हसले. 'अवं माय, हा त रेडिओच हाय!'

खरंच की! पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वर स्टीलची तार थरथरली की तिच्यात चिमूटभर करंट तयार होतो. तो व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटमधून, एका कपॅसिटरच्या साथीने, जॅकपर्यंत जातो. बस्स, एवढंच! आणि गंमत म्हणजे स्ट्रॅटोकास्टर ही जगप्रसिद्ध गिटार 1954 मध्ये बाजारात आणणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ मेकॅनिक. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याने 1938 मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण दुरुस्तीवाल्याचं डोकं! त्याने गिटारची मान चक्क स्क्रूने बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा.

काकांनी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला आणि नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. खरखर बंद! जॅकचा नट ढिला होऊन आतली वायर तुटली होती, तिला डाग दिला. बिल? एका पिझ्झ्याच्या निम्मंही नाही.

मग त्यांनी माझ्या छोट्या अ‍ॅम्पचा प्लग हातात घेतला आणि चेहराच बदलला. घूंऽऽ असा आवाज कमी व्हावा म्हणून मी अर्थिंगची पिन तोडली होती. काका चांगलेच रागावले. 'जीव जाईन ना पोरी!' त्यात अतिशयोक्ती नव्हती. स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे 1972 मध्ये स्टेजवरच अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. काकांनी पहिल्यांदा नवा थ्री-पिन प्लग बसवला, सॉकेटची अर्थिंग तपासली आणि मगच 'वाजव' म्हणाले.

कमी खर्चात एवढं कराच!

* वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसा. घाम हाच गंजाचा बाप.
* तार खाचेत अडकून ट्युनिंग बिघडतंय? खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.
* जॅकचा नट आवळताना जॅक आतून धरा, नाहीतर वायर पिळून तुटते.
* कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. गिटार उन्हात किंवा कूलरसमोर ठेवू नका, केसमध्ये ठेवा.
* मानेतला ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा. जोर लागला की थांबा.
* अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. विशेषतः व्हॉल्व्हचा. बंद केल्यावरही त्यात जीवघेणा करंट साठलेला असतो.

गिटार विकायचा विचार अर्थातच कॅन्सल! निघताना काका म्हणाले, 'आता रेडिओ कोन आनते? पुढच्या खेपेला तुह्या दोस्तायच्या बी घेऊन ये.' तर मंडळी, तुमच्याही गल्लीत असे एक काका असतील. त्यांचं दुकान बंद व्हायच्या आत गाठा!