डीव्हीडी तबकडीचे लेखन

घरातील लग्नसमारंभाचे किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चलच्चित्र डीव्हीडी तबकडीवर उतरवून आप्तेष्टांना पाठविण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. परंतु पुष्कळदा असे होई की, एकाच्या यंत्रावर सुरेख चालणारी तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर मुळीच चालत नसे. याचे कारण तबकडीच्या रचनेत आहे.

डीव्हीडी तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. कारखान्यात छापलेल्या तबकडीत माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने साठविलेली असते. मध्यापासून कडेकडे वेढे घेत जाणाऱ्या एकाच रेषेत हे खळगे असतात व दोन वेढ्यांत अवघे ०.७४ मायक्रॉन अंतर असते. घरी लिहावयाच्या तबकडीत असे खळगे नसतात. तीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेखनयंत्रातील लेसर किरण त्या थरास ठिकठिकाणी तापवितो. तापलेल्या जागी प्रकाशाचे परावर्तन कमी होते. वाचणारे यंत्र परावर्तनातील हा फरक ओळखूनच चित्र व ध्वनी पुन्हा निर्माण करते.

पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. त्यावरून प्रकाश फारच कमी परावर्तित होतो. म्हणून अनेक जुनी यंत्रे ती वाचू शकत नाहीत. यास्तव दुसऱ्यास द्यावयाची तबकडी एकदाच लिहिता येणारी असावी. लेखनाचा वेग अतिशय ठेवल्यास खुणांच्या कडा अस्पष्ट होण्याचा संभव असतो. तेव्हा तो मध्यम ठेवणे हिताचे.

लेखन संपल्यावर तबकडीचे ‘समापन’ करणे अत्यंत आवश्यक आहे. समापनाने आरंभीचा व अखेरचा भाग लिहिला जाऊन तबकडी पूर्ण होते. हे न केल्यास इतर यंत्रे तिला अपुरी समजून नाकारतात. शिवाय, चित्रफीत नुसती उतरवून भागत नाही. ती डीव्हीडीच्या ठरावीक रचनेत बसवावी लागते. भारतातील ‘पाल’ पद्धतीत चित्राच्या ५७६ रेषा व सेकंदास २५ चित्रे असतात. अमेरिकेतील ‘एनटीएससी’ पद्धतीत ४८० रेषा व सुमारे ३० चित्रे असतात. परदेशी राहणाऱ्या नातलगास तबकडी पाठविताना हा भेद विसरून चालत नाही.

तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. तिच्यामुळे तोल बिघडून फिरणारी तबकडी थरथरते. नाव मऊ टोकाच्या लेखणीने लिहावे. तबकडी कडांनी धरावी व उन्हापासून दूर ठेवावी, कारण प्रकाशाने व उष्णतेने रंगद्रव्य बिघडते.

आता अशा तबकड्यांचा वापर बराच कमी झाला आहे; तथापि अनेक कुटुंबांच्या आठवणी त्यांवरच साठविलेल्या आहेत. म्हणून नवी प्रत दोन-तीन निरनिराळ्या यंत्रांवर चालवून पाहिल्यावाचून मूळ चित्रण कधीही पुसू नये. एकदा पुसलेला प्रसंग पुन्हा घडविता येत नाही.