दोघांनीं मिळून खेळावयाचे खेळ

व्हिडिओ खेळांत वेळ दवडूं नये असें पालक म्हणतात व मुलें तें ऐकत नाहींत. तो वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. पडद्यावर डावीकडून उजवीकडे धांवत, उड्या मारीत जावयाचे जे खेळ आहेत, ते दोघांनीं मिळून खेळावयाचे असतील तर त्यांतील लेव्हल, म्हणजे खेळाचा एकेक टप्पा, कसा रचलेला असावा?

१९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' ह्या जपानी खेळांत दोघांची सोय होती खरी. परंतु एक पडला म्हणजे दुसऱ्याची पाळी. हें सहकार्य नव्हे, ही रांग झाली. २००९ सालीं निन्टेंडो कंपनीनें 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' काढला, त्यांत चौघे एकाच वेळीं उतरूं लागले. येथें गडी एकमेकांच्या आरपार जात नाहींत. ते एकमेकांस अडतात, डोक्यावर उभे राहतात, उचलून फेंकतातही. त्यामुळें एकट्यास सोपी वाटणारी अरुंद फळी चौघांच्या धक्काबुक्कीचें ठिकाण होते. केवळ उडीचें अंतर मोजून रचनाकाराचें भागत नाहीं. दुसरा कोठें उभा असेल हेंही त्यास मोजावें लागतें.

खरी अडचण मात्र गड्यांच्या कौशल्यांतील तफावतीची. थोरला भाऊ चपळ, धाकटी बहीण नवखी, आणि पडदा एकच. तो पुढें धांवला तर ती मागें पडते, ती वारंवार पडली तर तो वैतागतो, आणि करमणुकीचें यंत्र घरांतील भांडणाचें मूळ ठरतें. ह्यावर उपरोक्त खेळांतील तोड नामी आहे. पडलेला गडी बुडबुड्यांत बसून तरंगत येतो व सोबत्यानें तो फोडतांच पुन्हां खेळूं लागतो. कठीण जागीं नवख्यानें आपण होऊन बुडबुड्यांत शिरावें, अशीही मुभा आहे. सर्वच एकदम आंत शिरले तर मात्र डाव आटोपतो!

परंतु सोबत्यास सांभाळून घेणें वेगळें आणि त्याची गरज भासणें वेगळें. मारिओची वाट एकटाही चालूं शकतो. २०१३ सालचा 'इब अँड ऑब' हा डच खेळ आम्हांस ह्या बाबतींत सरस वाटतो. त्यांत जमिनीची रेघ पडद्याच्या मधून जाते. रेघेच्या वर गुरुत्वाकर्षण खालीं ओढतें, रेघेखालीं तेंच वर ओढतें. शत्रूची एक बाजू घातक, आणि मऊ बाजू रेघेच्या पलीकडे. तेव्हां एकानें वर दम धरावा व दुसऱ्यानें खालून घाव घालावा. कांहीं वाटा तर एकाच रंगाच्या गड्यास जाऊं देतात. तेथें हुशार गड्याची घाई कामाची नाहीं.

२०१८ सालच्या 'अनरॅव्हल टू' ह्या स्वीडिश खेळांत लोकरीचे दोन बाहुले एकाच दोऱ्यानें बांधलेले आहेत. एक वर अडकून राहतो, दुसरा लोंबकळत झोका घेतो. प्रसंगीं दोघे एकरूप होऊन एकाच्याच हातीं चालतात. धाकटीस न जमणारी उडी थोरला अशा रीतीनें मारतो, आणि पलीकडे पोहोंचतांच ती सुटी होऊन पुन्हां आपलें टोक सांभाळते.