एका दिवसात १३२८?

मुलांनो, २०२० साली करोनाची साथ होती तेव्हा रोज संध्याकाळी आकडे यायचे : आज इतके नवे रुग्ण, इतके दगावले. १६ जूनला मात्र महाराष्ट्राच्या मृतांच्या बेरजेत १३२८ जादा मृत्यू मिळवले गेले. पैकी ८६२ मुंबईचे, ४६६ इतर जिल्ह्यांचे. ऐकणाऱ्याला वाटावं, बाप रे, एका दिवसात! तसं नव्हतं. ही माणसं आधीच वारली होती. नोंद मागं राहिली होती.

मागं का राहते? माणूस राहतो एका जिल्ह्यात, तपासणी होते दुसरीकडे, जीव जातो तिसऱ्याच गावच्या दवाखान्यात. कागद तीन ठिकाणी. कुणी दोनदा मोजला जाऊ नये, कुणी सुटूही नये, म्हणून याद्या ताडून बघायच्या, मग बेरीज करायची. ज्याची तपासणीच झाली नाही, तो तर रुग्णांच्या यादीत येतच नाही.

गुरुजींनी आठवड्याची गैरहजेरी शनिवारी मांडली, म्हणून सगळी पोरं शनिवारीच घरी राहिली असं कुठं असतं? चौकटीच्या वहीत मृत्यूच्या तारखेप्रमाणे खांब काढले, की १६ जूनचा तो उंच खांब मोडतो आणि मागच्या दिवसांवर वाटला जातो.