थर्मोस्टॅटचा काय दोष?

दुबईहून हत्ताकडे जाताना अल बदायरला ‘बिग रेड’ नावाची तांबड्या वाळूची प्रचंड टेकडी लागते. ऑक्टोबर ते एप्रिल या मोसमात सुटीच्या दिवशी सकाळी तिच्या पायथ्याशी ऑफ-रोडिंग क्लबांच्या गाड्या जमतात, टायरांतली हवा सोडली जाते आणि गाड्यांची रांग वाळूत शिरते. नोकरीधंद्यानिमित्त अमिरातीत राहणारी मराठी माणसंही या रांगांत असतात. एखाद्याची गाडी वाळूत गरम होऊ लागली की त्याला मिळणारा सल्ला जवळजवळ ठरलेला असतो: ‘थर्मोस्टॅट काढून टाका. तो थंड मुलखासाठी असतो, इथे त्याचं काय काम?’ आपल्याकडची कितीतरी गॅरेजंही हेच सांगतात, आणि गाडी इथून तिथे गेली तरी समज तोच राहतो. हा सल्ला चुकीचा आहे. त्याचा फायदा दिसतो तो रस्त्यावर आणि तोटा होतो तो नेमका वाळूत. म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

आधी वाळूत इंजिन तापतं कशामुळे ते पाहू. उत्तर म्हणून बहुतेक जण सूर्याकडे बोट दाखवतात. पण डिसेंबरच्या सकाळी, हवा २०-२२ अंशांवर असतानाही मऊ वाळूत गाड्या तापतात, याचा खुलासा सूर्य करू शकत नाही. साधा हिशोब करून बघा. अडीच टनांची गाडी डांबरी रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरने धावते तेव्हा चाकांचा आणि वाऱ्याचा विरोध मिळून सुमारे ३५ किलोवॅट शक्ती लागते. चाकांच्या विरोधाचा गुणांक डांबरावर ०.०१३ च्या आसपास असतो. सैल वाळूत वाहनशास्त्राची पुस्तकं तो ०.२ ते ०.३ धरतात, म्हणजे पंधरा-वीस पट. तीच गाडी अशा वाळूत ताशी ४० ने नेताना, ०.२५ हा आकडा धरला तर, चाकांवरच जवळजवळ ६८ किलोवॅट खर्च होतात. इंजिनावरचा भार दुप्पट झाला आणि समोरून रेडिएटरवर येणाऱ्या वाऱ्याचा वेग एक तृतीयांशावर आला. जितकी शक्ती चाकांना मिळते, ढोबळमानाने तितकीच उष्णता इंजिन पाण्यात सोडतं. आता उन्हाचा वाटा मोजू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ७० चा. हवा ४५ वर गेली की ५०. म्हणजे कडक उन्हाळा रेडिएटरची ताकद पाव हिश्शाहून थोडी जास्त कमी करतो. हे नुकसान छोटं नाही, पण दुप्पट भार आणि तिसऱ्या हिश्शावर आलेला वारा यांच्यापुढे ते दुय्यम आहे.

या चित्रात थर्मोस्टॅट कुठे बसतो? तो एक झडप आहे. तिच्या पितळी कुपीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक इंजिनांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, मेण वितळून फुगतं, दांडीला रेटतं आणि झडप उघडू लागते. पुढच्या दहा-बारा अंशांत ती पूर्ण उघडते. इंजिन एका पातळीखाली थंड होऊ न देणं एवढंच तिचं काम. वरची मर्यादा तिच्या हातात नसतेच. ती रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप आणि वारा ठरवतात. वाळूच्या चढावर पाणी १०५ अंशांवर पोचतं तेव्हा चांगला थर्मोस्टॅट केव्हाच पूर्ण उघडलेला असतो आणि सगळं पाणी रेडिएटरमधूनच जात असतं. जे दार आधीच सताड उघडं आहे ते बिजागरीसकट काढून आणखी किती माणसं आत येणार? शिवाय बहुतेक रेडिएटरांत अडचण पाण्याच्या बाजूची नसते, हवेच्या बाजूची असते. पाण्याकडून पत्र्यांना उष्णता सहज मिळते, पत्र्यांकडून हवेला ती देणं अवघड जातं. म्हणून पाण्याचा प्रवाह थोडा वाढला तरी हाती फारसं काही लागत नाही.

इतकंच असतं तर थर्मोस्टॅट काढणं निरुपयोगी म्हणून सोडून दिलं असतं. पण अनेक इंजिनांत ते उलट घातक ठरतं. झडप बंद असताना पाणी इंजिनातच फिरत राहावं म्हणून एक बायपास वाट ठेवलेली असते, आणि कितीतरी थर्मोस्टॅटना खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तशी ही चकती खाली सरकून बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ही चकतीही जाते आणि बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. त्यामुळे इंजिनातून निघालेल्या गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरचं तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात शिरतो. ज्या क्षणी प्रत्येक लिटर पाणी रेडिएटरमधून जायला हवं, नेमकं त्याच क्षणी. ही कुणाची पुस्तकी शंका नाही. टोयोटाच्या अनेक इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत स्पष्ट बजावलेलं आहे की या थर्मोस्टॅटमध्ये बायपासची झडप आहे, इंजिन गरम होत असलं तरी तो काढू नका, काढल्यास थंडावा कमी होईल. आखाताच्या वाळूत सगळ्यांत जास्त विश्वास ज्या कंपनीच्या गाड्यांवर टाकला जातो, तिचंच हे सांगणं आहे. आणि ‘थंड मुलखासाठी’ या युक्तिवादाला उत्तर निस्सानच्या जुन्या पुस्तिकांत आहे. तिथे थर्मोस्टॅटचे तीन प्रकार दिलेले असत: अतिथंड प्रदेशांसाठी ८८ अंशांना उघडणारा, समशीतोष्ण हवेसाठी ८२ चा आणि उष्ण कटिबंधासाठी ७६.५ चा. उष्ण प्रदेशांचा विचार कारखान्याने केला होता, आणि विचारांती त्याने कमी तापमानाचा थर्मोस्टॅट दिला. थर्मोस्टॅटविना गाडी दिली नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, ‘काढल्यापासून काटा खाली आलाय, हे डोळ्यांनी दिसतंय.’ खरं आहे, येतो. हमरस्त्यावर भार कमी आणि वारा भरपूर, म्हणजे रेडिएटरची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. थर्मोस्टॅट नसला की पाणी ६५-७० अंशांपर्यंत उतरतं. पण सपाटीवरच्या काट्यावरून चढावरची ताकद कळत नाही. कुणी म्हणेल, निदान थंड इंजिनाने चढाला सुरुवात केली तर थोडी सवलत तरी मिळेल. मिळते, आणि तीही मोजता येते. अडीचशे किलो लोखंड आणि बारा लिटर पाणी यांना २० अंश तापवायला साधारण ३२०० किलोज्यूल लागतात. रेडिएटरला झेपत नाही अशी जादा उष्णता २० किलोवॅट असेल, तर ही सवलत जेमतेम पावणेतीन मिनिटांची. वाळूतली फेरी तीन-चार तासांची असते. गैरसमज खोडणाऱ्यांच्या बाजूनेही एक चुकीचा मुद्दा वारंवार मांडला जातो, तोही सांगायला हवा: ‘थर्मोस्टॅट नसला तर पाणी इतकं वेगाने धावतं की रेडिएटरमध्ये निवायला त्याला वेळच मिळत नाही.’ हे खरं नाही. वेगाने जाणारं पाणी एका फेरीत कमी निवतं, पण फेऱ्याही तितक्याच जास्त होतात. एकूण बाहेर पडणारी उष्णता त्यामुळे घटत नाही, किंचित वाढतेच. बायपासचा खरा मुद्दा हाताशी असताना असा खोटा मुद्दा वापरला की समोरच्याचा खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो.

थंड चाललेल्या इंजिनाची किंमतही कमी नसते. पाणी कामाच्या तापमानाला पोचत नाही तोवर इंजिनाचा संगणक गाडी नुकतीच सुरू झाली आहे असं धरून जादा पेट्रोल देतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि तेल पातळ करतं. तेलातलं पाणी उडून जायला लागणारी उष्णता मिळत नाही, गाळ साचतो, झीज वाढते. नव्या गाड्यांत पी०१२८ हा दोषसंकेत नेमका यासाठीच आहे: पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानाला पोचत नाही, हे तो सांगतो. कित्येक ठिकाणी थर्मोस्टॅट परत बसवण्याऐवजी हा संकेतच पुसून टाकला जातो, हे फार वाईट आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन नक्की तापतं, आणि भर वाळूत तसं झालं तर तो काढून डांबरी रस्त्यापर्यंत हळूहळू जाणं हाच शहाणपणा. बहुधा अशाच एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव थाऱ्यावर आला असेल आणि तिथून या सल्ल्याला पाय फुटले असतील. पण अडकलेला दरवाजा दुरुस्त करायचा असतो. चांगला थर्मोस्टॅट असलेली गाडी वाळूत तापत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. पहिलं ठिकाण टायर. रस्त्यावरचे ३५ पीएसआय वाळूत तसेच ठेवले तर चाक रुततं आणि इंजिन प्रत्येक मीटरला स्वतःच खणलेला खड्डा चढत राहतं. १२ ते १५ पर्यंत हवा सोडली की तोच भार एकदम उतरतो. गाडी तापण्यावर इतका मोठा आणि फुकटातला इलाज दुसरा नाही. मग रेडिएटर. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बारीक वाळू, किडे, काड्या भरतात. समोरून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. ती जागा इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी लागते. मग पंखा. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या व्हिस्कस क्लचमधलं सिलिकॉन तेल वर्षानुवर्षं झिरपत जातं आणि पंखा ढिला पडतो. रस्त्यावर वारा ती उणीव झाकतो, वाळूत ती उघडी पडते. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण तुटलेलं असेल तर हवा रेडिएटरमधून न येता बाजूने खेचली जाते. आणि गिअरबॉक्स. ऑटोमॅटिक गाडीत मऊ वाळूत टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत उष्णता तयार करतो. कितीतरी गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो, म्हणजे गिअरबॉक्सचं ओझंही इंजिनाच्या पाण्यावरच पडतं.

इथेच एक धाकटा गैरसमज येतो: खालचा गिअर किंवा फोर-लो लावला की इंजिन ओरडतं, म्हणजे तापतंय. आवाज म्हणजे उष्णता नव्हे. तितक्याच भाराला इंजिन जास्त फेऱ्यांवर असलं की पाण्याचा पंप आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही वेगाने फिरतात, कन्व्हर्टरही कमी घसरतो, आणि वरच्या गिअरमध्ये कण्हत चढणारी गाडीच आधी तापते. काटा मध्यावर आहे म्हणजे सगळं ठीक, हेही खरं नाही: अनेक गाड्यांत पाणी ७५ अंशांवर असो वा १०५ वर, काटा मुद्दाम मध्यावरच धरलेला असतो, म्हणून निदान पाण्याचं तापमान तरी ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकाला जोडायचं उपकरण) लावून आकड्यात बघा. कूलंटपेक्षा साधं पाणी जास्त उष्णता वाहून नेतं हे खरं, पण ते लवकर उकळतं, गंज आणतं, आणि बोअरचं असलं तर क्षारांचे थर चढवतं. गाडी तापली की लगेच बंद करावी, हे पाणी गळून गेलं असेल किंवा पट्टा तुटला असेल तेव्हाच बरोबर. एरवी तोंड वाऱ्याकडे करून, एसी बंद, हीटर पूर्ण चालू, न्यूट्रलमध्ये १५०० ते २००० फेऱ्यांवर ती तशीच चालू ठेवावी, कारण बंद केल्यावर पंप थांबतो आणि लोखंडातली उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते. मागून वारा असेल तर गाडी वळवणं हाच अर्धा उपाय. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका: एक बार जादा दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल होताच तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. या एका चुकीने माणसं होरपळतात.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यात सोडा, शेजारी तापमापी धरा आणि पाणी तापवा. उघडण्याचं तापमान बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं. त्या आकड्याच्या आसपास तो हलायला लागला आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला, तर तो चांगला आहे. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवा आणा, रबरी गॅस्केटही नवं घ्या. बसवताना हवा बाहेर सोडणारी छोटी हलती पिन पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, बहुतेक गाड्यांत वरच्या बाजूला येऊ द्या, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकेल आणि तापलेल्या इंजिनाचा दोष पुन्हा नव्या थर्मोस्टॅटवरच जाईल.