सोल्युशनवर ‘बेंझीन-फ्री’ लिहिलंय, म्हणजे घरात वापरायला सुरक्षित का?



चप्पल, लेडीज पर्स, फाइल-फोल्डर, स्क्रीन प्रिंटिंग, फर्निचर पॉलिश. कमी भांडवलात घरातून सुरू होणाऱ्या या व्यवसायांवर आपण बरेच व्हिडिओ केले. मशीन कोणतं घ्यायचं, माल कुठून आणायचा, मार्जिन किती सुटतं, सगळं बोललो. एक विषय मात्र राहून गेला. या सगळ्या धंद्यांत लागणारं चिकटवायचं सोल्युशन आणि ते पातळ करायचं थिनर.

मागच्या बॅचमधल्या एका ताईंनी मला विचारलं, “सर, दुकानदार म्हणतो हे सोल्युशन बेंझीन-फ्री आहे, घरात बिनधास्त वापरा. खरंय का?” ताईंचं चपलांचं काम सुरू होणार होतं दहा बाय दहाच्या खोलीत. दिवसा पेस्टिंग, रात्री त्याच खोलीत मुलांचं अंथरूण.

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मिळायला जगात बऱ्याच कारागिरांना आपलं आरोग्य गमवावं लागलंय. म्हणून आजचा लेख थोडा वेळ काढून वाचा.

आधी समजून घ्या, डब्यात असतं काय?

सोल्युशनमध्ये दोन गोष्टी असतात. एक चिकटणारा भाग, म्हणजे रबर किंवा तसलंच काही. दुसरा, त्याला पातळ ठेवणारा द्रव, म्हणजे सॉल्व्हंट. ब्रशने लावलं की सॉल्व्हंट उडून जातो आणि रबर मागे राहतं. आपण म्हणतो, “वाळलं.” पण उडालेला सॉल्व्हंट गेला कुठे? खोलीच्या हवेत. आणि तिथून तुमच्या फुप्फुसात, मग रक्तात.

हे सॉल्व्हंट बहुतेक पेट्रोलियमपासून येतात. बेंझीन, टोल्युइन, हेक्सेन ही त्यांतली नेहमीची नावं. वास थोडाफार सारखा, काम सारखं, पण शरीरात गेल्यावर प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

पहिला धडा: बेंझीन आणि रक्त

१९५० च्या दशकात जपानमध्ये एका सँडलची फॅशन आली. ऑड्री हेपबर्न या नटीच्या नावावरून लोक तिला ‘हेप सँडल’ म्हणायचे. मागणी इतकी, की ओसाकासारख्या शहरांत घराघरांत सोल चिकटवायचं काम सुरू झालं. अगदी आपल्याकडच्या पीस-रेटच्या कामासारखं. गोंदात बेंझीन होतं. काही वर्षांतच या घरगुती कामगारांना गंभीर रक्तक्षय होऊ लागला आणि काहींचा जीव गेला. बेंझीन हाडांच्या आतल्या मगजावर घाव घालतं, आणि रक्त तिथेच तयार होतं. १९५९ मध्ये जपान सरकारने बेंझीन असलेल्या रबरी गोंदावर बंदी घातली.

नंतर तुर्कस्तानात इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सॉय या रक्तरोगतज्ज्ञांनी बूट बनवणाऱ्या कारागिरांचा अभ्यास केला. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. २८,५०० कारागिरांमध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था असलेले २६ रुग्ण सापडले. दरवर्षी लाखात सुमारे १३, जेव्हा सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण सुमारे ६ होतं. या लोकांनी सरासरी दहाएक वर्षं बेंझीनच्या वाफेत काम केलं होतं, तेही छोट्या, कोंदट गाळ्यांमध्ये. तिथे १९६९ पासून बेंझीन हळूहळू बंद होत गेलं आणि पुढे रुग्णही कमी झाले. आज बेंझीन कर्करोगकारक आहे याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये दुमत नाही.

म्हणजे दुकानदार ‘बेंझीन-फ्री’ म्हणतो तेव्हा तो चांगलीच गोष्ट सांगत असतो. पण गोष्ट इथे संपत नाही.

दुसरा धडा: बेंझीन गेलं, हेक्सेन आलं

जपानमध्ये बंदी आल्यावर गोंदात बेंझीनच्या जागी दुसरे सॉल्व्हंट आले. त्यातलं एक एन-हेक्सेन. पटकन वाळतं, स्वस्त, आणि बेंझीनसारखं रक्त बिघडवत नाही. सगळे खूश.

मग सँडल बनवणारे लोक वेगळीच तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागले. पायाला मुंग्या येतात. तळवे बधिर होतात. जिना चढवत नाही. हातातून वस्तू सुटते. १९६९ मध्ये अशा ९३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या कामाच्या जागी हवेत ५०० ते २,५०० पीपीएम हेक्सेन होतं. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग.

झालं काय होतं? यकृत हेक्सेनचं रूपांतर करून २,५-हेक्सेनडायोन नावाचा पदार्थ बनवतं. तो मज्जातंतूंच्या आतल्या प्रथिनांना चिकटतो, आणि मज्जातंतू जागोजागी सुजून निकामी होऊ लागतात. सगळ्यात लांब मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. कामगाराच्या लघवीत हाच पदार्थ मोजून त्याच्या शरीरात किती हेक्सेन गेलंय, हे आज तपासता येतं.

यात दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, काम थांबवल्यावरही काही आठवडे ते महिने त्रास वाढतच राहू शकतो, आणि भरून यायला फार वेळ लागतो. कधी पूर्ण भरूनही येत नाही. दोन, काही सॉल्व्हंट एकत्र आले की त्रास वाढतो. १९७० च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये नशेसाठी थिनर हुंगणाऱ्या तरुणांमध्ये हे दिसलं. थिनरमध्ये मिथाइल इथाइल कीटोन मिसळलं गेल्यावर त्यांच्यात अर्धांगासारखी लक्षणं पसरली. हे कीटोन एकटं असताना मज्जातंतूंना असा त्रास देत नाही, पण हेक्सेनची ताकद वाढवतं. आपल्याकडे “थोडं हे, थोडं ते” घालून थिनर बनवतात ना, त्यात हाच धोका आहे.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २००९ च्या सुमारास चीनमध्ये सूझोऊच्या एका टचस्क्रीन कारखान्यात काच पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्सेन वापरलं, कारण ते लवकर वाळतं. १३७ कामगारांना त्रास झाला.

आता तुमच्या खोलीचा हिशोब करू

आपण धंद्यात प्रत्येक गोष्टीचं कॉस्टिंग काढतो. हवेचंही काढू.

दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोली. त्यात सुमारे २८,३०० लिटर हवा. एक लिटर हेक्सेन पूर्ण उडालं की त्याची सुमारे १८८ लिटर वाफ होते. अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेने कामाच्या दिवसभरासाठी सुचवलेली मर्यादा ५० पीपीएम आहे. बंद खोलीत ती गाठायला किती हेक्सेन लागेल? साधारण साडेसात मिलि. म्हणजे दीड चहाचा चमचा!

१०० मिलि, म्हणजे अर्धा कप उडालं तर सुमारे ६६० पीपीएम. जपानी सँडलवाल्यांच्या खोल्यांत जे होतं, त्या पट्ट्यात तुम्ही पोहोचलात.

अजून एक. ही वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड असते, म्हणून ती खाली बसते. आपल्याकडे पेस्टिंग जमिनीवर बसूनच करतात. मूल रांगतं ते जमिनीवर. आणि हेक्सेन पेट घ्यायला फार लवकर तयार असतं. बाजूला गॅस, देवाचा दिवा किंवा स्विचची ठिणगी असेल तर काय होईल, सांगायला नको.

मग करायचं काय?

१. सेफ्टी डेटा शीट मागा. चांगला उत्पादक ती देतो. त्यातल्या तिसऱ्या भागात घटक लिहिलेले असतात. नावं फिरवून लिहिली असतील तर सीएएस क्रमांक बघा: बेंझीन ७१-४३-२, एन-हेक्सेन ११०-५४-३, टोल्युइन १०८-८८-३. शीट नाही, लेबल नाही, सुट्या कॅनमधला माल, असा सौदा दहा रुपये स्वस्त असला तरी सोडा.

२. पर्याय तपासा. पाण्यावर आधारित गोंद किंवा हॉट-मेल्ट तुमच्या मालाला चालतं का, ते दहा पीसवर करून बघा. पाण्याचं वाळायला वेळ घेतं, त्यामुळे रॅक जास्त लागतील. तो खर्च कॉस्टिंगमध्ये धरा.

३. खोली वेगळी ठेवा. झोपायची, स्वयंपाकाची खोली नको. पत्र्याची शेड, गच्ची, व्हरांडा चालेल. चिकटवलेला मालही तिथेच वाळवा, कारण वाफ माल वाळतानाच जास्त निघते.

४. एक्झॉस्ट खाली आणि तुमच्या समोर लावा. हवा तुमच्या पाठीकडून येऊन कामावरून बाहेर गेली पाहिजे. सीलिंग फॅन वाफ फक्त खोलीभर फिरवतो. पंखा आणि वायरिंग ठिणगी न पडणारं घ्या.

५. डबा झाका. तासाला लागेल तेवढंच छोट्या, झाकणाच्या डब्यात काढा. सॉल्व्हंटचे बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

६. हात थिनरने धुऊ नका. नायट्राइलचे हातमोजे वापरा. कापडी किंवा साधा मास्क धूळ अडवतो, वाफ अजिबात नाही. वाफेसाठी कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं.

७. शरीराचं ऐका. रोज डोकेदुखी, चक्कर, पायाला मुंग्या, विनाकारण थकवा किंवा अंगावर निळे डाग दिसले तर डॉक्टरांना “मी सॉल्व्हंटमध्ये काम करतो” हे स्वतःहून सांगा. नाहीतर ते जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाठवतील. आणि वासावर विसंबू नका, नाक थोड्याच वेळात सरावतं.

शेवटचं सांगतो

जपानच्या त्या घरगुती कामगारांचं मालक कोण, त्यांची काळजी घेणार कोण, हे ठरायला वेळ गेला. तिथे घरगुती कामगारांसाठी वेगळा कायदा १९७० मध्ये आला. तुमच्या घरातल्या युनिटचे मालक तुम्हीच आहात, आणि पहिले कामगारही तुम्हीच, तुमची बायको, तुमची आई. तपासणीला कोणी इन्स्पेक्टर येईल याची वाट बघू नका.

त्या ताईंनी काय केलं? काम दोन आठवडे पुढे ढकललं, मागच्या पडवीला पत्रा टाकून घेतला आणि दुकानदाराकडे सेफ्टी डेटा शीट मागितली. त्याच्याकडे नव्हती. त्यांनी दुकानदार बदलला.

तुम्हीही उद्या एवढं एक काम करा. तुमच्या डब्यात काय आहे, ते विचारा. कुणी पेस्टिंगचं, पॉलिशचं काम करत असेल तर त्यांनाही हा लेख नक्की पाठवा.

भेटूया पुढच्या लेखात.